घाट

घाट : पाण्यापर्यंत उतरण्यासाठी नदीच्या, तळ्याच्या वा कुंडाच्या काठी बांधलेल्या पायऱ्या; डोंगर चढून वा उतरून पलीकडे जाण्याचा मार्ग; असे मार्ग असलेली पर्वतरांग; त्या रांगेच्या माथ्यावरील प्रदेश; आणि वस्तूचा आकार किंवा घडण, अशा परस्परांपासून दूरच्या अर्थांनी मराठीत रूढ असलेला शब्द. सातारा जिल्ह्यातील खंडाळ्याहून वाईला जाणारा प्रवासी यांतील दोन प्रमुख अर्थांचा अनुभव थोड्या वेळातच घेतो. प्रथम तो खंबाटकीचा घाट ओलांडतो आणि वाईस पोहोचल्यावर कृष्णेच्या घाटावर जातो. पहिला घाट डोंगराचा, दुसरा नदीचा. दोहोंस एकच नाव का, याचा उलगडा शब्दाच्या मूळ अर्थात होतो. घाट म्हणजे मुळात डोंगरही नव्हे आणि नदीही नव्हे. जेथून उतरता येते व पार जाता येते, ती जागा म्हणजे घाट होय. पुढील सर्व भौगोलिक अर्थ या एका कल्पनेच्या विस्तारातून निर्माण झालेले आहेत.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘घट्ट’ या शब्दापासून प्राकृतमार्गे घाट हे रूप आले. जोडव्यंजनातील एका व्यंजनाचा लोप होऊन आधीचा स्वर दीर्घ होणे, ही मराठीच्या घडणीतील नेहमीची प्रक्रिया आहे. उदा., हस्त–हत्थ–हात, कर्म–कम्म–काम, अद्य–अज्ज–आज. घट्ट–घाट हा बदल याच नियमास अनुसरतो. हिंदी, गुजराती, बंगाली व नेपाळी या भाषांतही घाट हेच रूप आढळते. संस्कृतमध्ये घट्ट म्हणजे नदीचा उतार, नाव लागण्याची वा स्नानाची जागा. ‘घट्टजीविन्’ म्हणजे अशा जागेवर उपजीविका करणारा, अर्थात नावाडी. वैयाकरण हा शब्द ‘घट्ट्’ (घासणे, स्पर्श करणे, ढवळणे) या धातूकडे नेतात. तथापि या धात्वर्थातून उताराची जागा हा अर्थ सहज निष्पन्न होत नाही. तेलुगूतील ‘गट्टु’ (बांध, काठ, टेकडी) आणि कन्नडमधील ‘घट्ट’ (डोंगररांग) हे शब्द विचारात घेऊन काही भाषाशास्त्रज्ञांनी त्याचा संबंध द्राविडी भाषांशी जोडला आहे. काठ आणि उंचवटा हे दोन्ही अर्थ द्राविडी शब्दांत एकत्र नांदतात, ही गोष्ट या मताला पोषक आहे.

घाटाशी जकातीचा संबंध किती जुना आहे, हे ‘घट्टकुटीप्रभातन्याय’ या संस्कृत लौकिक न्यायावरून दिसून येते. घट्टकुटी म्हणजे उतारावरील जकातीची चौकी. जकात चुकविण्यासाठी एक व्यापारी रात्री आडवाटेने निघतो, अंधारात वाट चुकतो आणि उजाडते तेव्हा नेमका त्याच चौकीसमोर उभा असतो. जे टाळावयाचे तेच अखेरीस पदरी येणे, असा या न्यायाचा आशय असून शास्त्रीय वादात प्रतिपक्षाची अडचण दाखविण्यासाठी त्याचा उपयोग केला जातो. पार जाण्याची जागा ठराविक असते आणि ती जागा ताब्यात असणाऱ्यास कर घेता येतो, ही वस्तुस्थिती त्याच्या मुळाशी आहे. नदीचा घाट व डोंगराचा घाट यांना ती सारखीच लागू पडते.

नदीचा घाट : उत्तर भारतात घाट शब्द उच्चारताच प्रथम नदीकाठ डोळ्यांसमोर येतो. वाराणसी येथील गंगेचे घाट सर्वश्रुत आहेत. नर्मदेवरील महेश्वर येथील घाट अहिल्याबाई होळकर (१७२५–९५) यांच्या नावाशी निगडित आहेत. महाराष्ट्रात वाई, माहुली, पंढरपूर, नासिक, पैठण इ. क्षेत्रांत घाटांना धार्मिक व सामाजिक जीवनात महत्त्वाचे स्थान आहे. वाईमध्ये कृष्णेच्या काठी निरनिराळ्या आळ्यांचे निरनिराळे घाट असून कृष्णाबाईचा उत्सव घाटवार साजरा होतो. येथे घाट म्हणजे केवळ पायऱ्या नव्हेत. वस्तीचा एक विभाग आणि त्या विभागाचा मानही त्या शब्दाने सूचित होतो. जवळच मेणवली येथे नाना फडणीसांच्या वाड्यालगत कृष्णेवर दगडी घाट आहे.

पायऱ्यांचा घाट पाण्याच्या चढउतारास तोंड देण्याच्या दृष्टीने सोयीचा असतो. उन्हाळ्यात नदी आटली असता खालच्या पायरीवर आणि पावसाळ्यात वरच्या पायरीवर पाणी हाती लागते. त्यामुळे स्नान, धुणे, पाणी भरणे, नावेत चढणे, अंत्यविधी व दशक्रिया या सर्वांसाठी एकच रचना वर्षभर उपयोगी पडते. यांपैकी एकेका उपयोगास धरून शब्दाचे अर्थ संकुचितही झाले. मुंबईतील महालक्ष्मी येथील धोबीघाट नदीकाठी नाही; धुण्याची जागा एवढाच अर्थ तेथे उरला आहे. नागपूरकडे घाट म्हणजे दहनभूमी असा अर्थ प्रचलित असून गंगाबाई घाट हे त्याचे परिचित उदाहरण होय. वाळू काढण्यासाठी शासन ज्या जागांचा लिलाव करते, त्यांना विदर्भात रेतीघाट म्हणतात. तेथे पायऱ्या नसतात. नदीपात्रात उतरण्याची जागा हा मूळ अर्थ मात्र टिकून आहे.

डोंगराचा घाट : नदीकाठी उताराची जागा तशीच डोंगराच्या कड्यावर चढउताराची जागा, या साम्यावरून घाट हा शब्द पर्वतमार्गास लागू झाला. सह्याद्रीची पश्चिम बाजू तुटलेल्या कड्यांची असल्याने [⟶ सह्याद्रि] कोकण व देश यांमधील दळणवळण मोजक्या वाटांनीच शक्य होते. बोर, थळ, माळशेज, ताम्हिणी, वरंध, आंबेनळी, कुंभार्ली, आंबा, फोंडा, आंबोली हे त्यांतील प्रमुख घाट होत. कोकणातून मीठ व बंदरांवर उतरलेला माल वर येई आणि देशावरील धान्य खाली जाई. ही वाहतूक दीर्घकाळ लमाण, वंजारी इत्यादींच्या बैलांच्या तांड्यांवर अवलंबून होती. घाटाच्या माथ्याजवळ व पायथ्याशी किल्ले, पाण्याची टाकी, लेणी आणि बाजारपेठा आढळतात, त्याचे कारण हेच. जुन्नर व कोकणातील बंदरे यांना जोडणाऱ्या नाणेघाटाच्या माथ्यावरील लेण्यात सातवाहनकालीन ब्राह्मी शिलालेख (इ. स. पू. सु. पहिले शतक) असून तो राणी नागनिका हिच्याशी संबंधित मानला जातो. तेथील दगडी रांजण जकातीची नाणी टाकण्यासाठी होता, अशी परंपरा आहे.

घाट, खिंड व नाळ हे शब्द समानार्थी नाहीत. खिंड म्हणजे दोन उंचवट्यांमधील अरुंद फट. ती निसर्गनिर्मित असते. नाळ म्हणजे कड्यातील घळीतून जाणारी अतिशय उभी पायवाट (उदा., बोराट्याची नाळ). घाट मात्र संपूर्ण मार्गास म्हणतात. त्याला पायथा, वळणे व माथा असतात. खिंड निसर्ग घडवितो, पण माणसांच्या वहिवाटीवाचून घाट होत नाही, असा हा भेद आहे. म्हणूनच घाट ‘फोडतात’, ‘बांधतात’ आणि वाहतूक थांबली म्हणजे तो ‘मोडतो’.

घाट सह्याद्रीच्या मुख्य कण्यावरच असतो, हाही समज बरोबर नाही. खंबाटकी घाट कोकणात उतरत नाही. महाबळेश्वरच्या परिसरात सह्याद्रीपासून फुटून पूर्वेकडे गेलेल्या महादेव डोंगररांगेच्या एका फाट्यावरून तो जातो. त्याच्या उत्तरेस, खंडाळ्याच्या बाजूस, पडलेले पाणी नीरेला व तिच्यामार्फत भीमेला मिळते; दक्षिणेकडील पाणी कृष्णेस मिळते. म्हणजे हा घाट देशावरील दोन खोऱ्यांमधील जलविभाजक ओलांडतो. वाईहून पाचगणीस जाणारा पसरणीचा घाट तर खोऱ्यातून पठारावर चढतो. पुणे जिल्ह्यातील दुसरे खंडाळा बोर घाटाच्या माथ्यावर आणि सातारा जिल्ह्यातील खंडाळा खंबाटकीच्या उत्तर पायथ्याशी वसलेले आहे. दोन्ही गावांचे महत्त्व त्यांच्या घाटांमुळे वाढले.

ब्रिटिश अमदानीत बैलांच्या वाटांच्या जागी गाडीरस्ते झाले. बोर घाटातील गाडीरस्ता १८३० मध्ये खुला झाला. त्याच घाटातील लोहमार्ग १८६३ मध्ये आणि थळ घाटातील १८६५ मध्ये पूर्ण झाला. बोर घाटात काही ठिकाणी ३७ फुटांस १ फूट इतका चढ असल्याने गाड्यांना मागून जादा एंजिने लावावी लागतात. आधुनिक स्थापत्याचा कल मात्र घाट चढण्याऐवजी डोंगर भेदून जाण्याकडे आहे. खंबाटकीतही पुण्याकडे जाणाऱ्या वाहनांसाठी बोगदा काढण्यात आला. बोगद्यातून जाणारा प्रवासी डोंगर पार करतो, पण घाट चढत नाही. तरीही तो ‘खंबाटकी ओलांडली’ असेच म्हणतो. मार्ग बदलला तरी नाव पार जाण्याच्या क्रियेला चिकटून राहते.

प्रदेशवाचक अर्थ : कोकणातील रहिवाशाच्या दृष्टीने घाट म्हणजे सह्याद्रीपलीकडील उंच प्रदेश. ‘घाटावर जाणे’ म्हणजे देशावर जाणे आणि तेथील माणूस तो ‘घाटी’. मुळात हा शब्द ‘कोकणी’ शब्दासारखाच केवळ स्थानदर्शक होता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून सातारा, सांगली, पुणे या भागांतील कष्टकरी मोठ्या संख्येने मुंबईच्या गिरण्यांत व गोदीत कामास आले. तेथे या शब्दाला अडाणी, गावंढळ अशी हेटाळणीची छटा चिकटली व पुढे तो सरसकट मराठी भाषकांस उद्देशून वापरला जाऊ लागला. ज्याने घाट ओलांडला त्याच्याच माथी ओलांडण्याची खूण मारली गेली, असे या अर्थांतराचे स्वरूप आहे. हिंदीत ‘घाटी’ म्हणजे दोन डोंगरांमधील दरी वा खोरे. त्या प्रभावाने मराठी वृत्तपत्रांत ‘काश्मीर घाटी’ असा प्रयोग दिसतो; मराठीत येथे ‘खोरे’ हा शब्द योग्य होय.

मुसलमानी अमदानीत फार्सी ‘बाला’ (वरचा) व ‘पाईन’ (खालचा) या शब्दांशी घाटाचा समास होऊन बालाघाट व पायनघाट ही प्रदेशनामे तयार झाली. वऱ्हाडात पूर्णेच्या खोऱ्याचा सखल भाग पायनघाट आणि त्याच्या दक्षिणेकडील उंच भाग बालाघाट म्हणून ओळखला जाई. कर्नाटकाचेही असेच दोन विभाग करीत. मराठवाड्यातील बालाघाट या डोंगररांगेचे नाव याच प्रकारचे आहे. येथे घाट ही वरच्या व खालच्या प्रदेशांमधील पायरी ठरते.

पश्चिम घाट : घाट हे संपूर्ण पर्वताचे नाव बनण्याची प्रक्रिया मुख्यतः समुद्रमार्गे आलेल्या यूरोपीयांच्या व्यवहारात पूर्ण झाली. किनाऱ्यावरून त्यांना समोर भिंतीसारखा पर्वत दिसे आणि आत जाण्याच्या वाटा विचारल्या असता घाट हा शब्द ऐकू येई. पोर्तुगीज कवी कामोंइश याच्या ऊज लुझीआदश (१५७२) या महाकाव्यात स्थानिक लोक या पर्वतास ‘गाट’ म्हणतात, असा उल्लेख आहे. पुढे इंग्रजांनी पश्चिम व पूर्व घाट ही नावे नकाशांत रूढ केली. सह्याद्री या प्राचीन नावाऐवजी पर्वत त्याच्या वाटांच्या नावाने ओळखला जाऊ लागला. अशी संज्ञा केवळ परकीयांच्या गैरसमजातूनच निर्माण होते, असे मात्र म्हणता येणार नाही. कन्नडमध्ये घट्ट शब्द डोंगररांगेलाही लावतात आणि तेलुगूत या पर्वतास ‘पडमटि कनुमलु’ म्हणतात. त्यातील ‘कनुम’ या शब्दाचाही अर्थ डोंगरातील वाट असाच आहे. तमिळमध्ये मात्र ‘पश्चिमेकडील सलग डोंगर’ अशा अर्थाचे वर्णनात्मक नाव आहे.

नकाशांवरील नावाच्या प्रभावाने काही ठिकाणी नसलेला घाटही दिसू लागला. केरळमधील पालक्काड या नावाचे इंग्रजांनी ‘पालघाट’ असे रूप केले. सामान्यतः या नावाची फोड ‘पाल’ हा वृक्ष व ‘काडु’ म्हणजे अरण्य अशी करतात. त्यात घाट नाही. गंमत अशी, की याच ठिकाणी पश्चिम घाटात सर्वांत मोठे खिंडार आहे. त्यामुळे चुकीचे रूप भूगोलाशी जुळून गेले व ते खरे वाटू लागले.

तौलनिक विचार : पार जाण्याच्या जागेचे नाव पुढे भूरूपाचे नाव होणे, ही घटना इतर भाषांतही आढळते. स्कँडिनेव्हियातील ‘फ्योर्ड’ हा सामान्य शब्द त्याचे उत्तम उदाहरण होय. प्राचीन नॉर्स ‘फ्योर्डर’ या रूपाच्या मुळाशी पार करणे या अर्थाचा इंडो-यूरोपीय धातू आहे. इंग्रजीतील ‘फोर्ड’ (नदीचा उतार), लॅटिनमधील ‘पोर्तुस’ (बंदर) आणि संस्कृतमधील ‘पार’ ही त्याच कुळातील रूपे होत. नॉर्वेत खोल व अरुंद, तर डेन्मार्कमध्ये उथळ खाड्यांनाही फ्योर्ड म्हणतात. भूगोलशास्त्राने मात्र हिमनदीने कोरलेली, समुद्राने व्यापलेली खोल दरी एवढाच अर्थ निश्चित केला. लोकांचा व्यापक शब्द शास्त्राने मर्यादित केला. घाटाच्या बाबतीत याउलट वाटेचा शब्द नकाशाने पर्वताएवढा केला.

ध्वनिसाम्य फसवे असते, याचे उदाहरणही याच भाषांत मिळते. प्राचीन नॉर्समध्ये ‘गाता’ म्हणजे वाट. स्वीडिशमध्ये ‘गाता’ व डॅनिशमध्ये ‘गेद’ ही रस्ता या अर्थाची आजची रूपे आहेत. इंग्लंडमधील यॉर्क शहरातील ‘गेट’ने संपणारी अनेक रस्त्यांची नावे याच शब्दापासून आली, त्यांचा दरवाजा या अर्थाच्या ‘गेट’शी संबंध नाही. घाट व गाता यांचा उच्चार आणि अर्थ जवळचे भासले, तरी त्यांचा ऐतिहासिक संबंध नाही. नियमित ध्वनिपरिवर्तनाचा आधार नसता केवळ साम्यावरून व्युत्पत्ती सांगणे किती धोक्याचे आहे, हे यावरून लक्षात येते.

आकारवाचक घाट : ‘भांड्याचा घाट’, ‘घाटदार’, ‘घाटणी’, ‘लग्नाचा घाट घालणे’ या प्रयोगांतील घाट हा वेगळा शब्द मानावा लागतो. त्याचा संबंध ‘घट्’ (घडणे, जुळणे) या धातूशी जोडला जातो. मात्र दोन स्वरांमधील एकेरी ‘ट’चा मराठीत सामान्यतः ‘ड’ होतो (घट–घडा, घटते–घडते). म्हणून घाट हे रूप या धातूपासून सरळ परंपरेने आले असे म्हणण्यात अडचण आहे. मराठी साहित्यसमीक्षेने वाङ्मयकृतीचा रूपबंध या अर्थी घाट हा शब्द परिभाषेत स्वीकारला. हरभऱ्याचा ‘घाटा’ आणि ‘घाटणे’ (ढवळणे) हे शब्द रूपाने जवळचे असले, तरी अर्थदृष्ट्या त्यांचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा.

अर्थसीमेचा प्रश्न : घाट म्हणजे नेमके काय, हा प्रश्न एकविसाव्या शतकात केवळ कोशकारांचा राहिलेला नाही. २०१२ मध्ये यूनेस्कोने पश्चिम घाटातील ३९ स्थळांचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. त्यांत महाराष्ट्रातील कास, कोयना, चांदोली व राधानगरी ही चार आहेत. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञगटाने (अहवाल २०११) पश्चिम घाटाचे क्षेत्र सु. १,२९,००० चौ. किमी. धरले, के. कस्तुरीरंगन यांच्या अध्यक्षतेखालील कार्यगटाने (अहवाल २०१३) ते सु. १,६४,००० चौ. किमी. मानले. पर्वत तोच असताना क्षेत्रात एवढा फरक पडतो, कारण घाट या संज्ञेची कड कोठे आखावयाची हे निसर्गाने ठरवून दिलेले नाही. केंद्र शासनाने २०१४ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या प्रारूप अधिसूचना वेळोवेळी प्रसिद्ध केल्या असून २०२४ मधील प्रारूप सहावे होते. त्यांतील गावांच्या याद्यांवर खाणी, मोठी बांधकामे व प्रदूषणकारी उद्योग यांवरील निर्बंध अवलंबून असल्याने, आपले गाव ‘घाटात’ आहे किंवा नाही, हा तेथील रहिवाशांच्या उपजीविकेचा प्रश्न बनतो.

या वादात दोन्ही पक्ष घाट हा शब्द वापरतात, पण त्यांना त्यातून एकच वस्तू अभिप्रेत नसते. शासकीय व शास्त्रीय परिभाषेत घाट म्हणजे सीमा आखता येईल असे क्षेत्र. डोंगरावरील गावकऱ्याच्या बोलीत घाट म्हणजे बाजार, दवाखाना व नातेवाईक यांच्याकडे नेणारी वाट. क्षेत्र बंदिस्त करता येते. वाट मात्र दोन्ही टोकांस उघडी असली तरच वाट राहते. पर्वताचे रक्षण करताना त्यावरून पार जाणाऱ्या माणसांचा विचार सुटू नये, याची आठवण शब्दाचा मूळ अर्थ करून देतो.